धर्मजिज्ञासू महर्षी : विठ्ठल रामजी शिंदे

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव घेतले की अस्पृश्यतानिवारणाचे कार्य डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या कार्याच्या मुळाशी असलेली त्यांची धर्मजिज्ञासा बहुधा दृष्टीआड राहते. जगातील निरनिराळ्या धर्मांचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी विलायतेस गेलेल्या मोजक्या मराठी विद्यार्थ्यांपैकी ते एक होत. त्या काळी विलायतेची वाट धरणारा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी, सनदी नोकरीच्या परीक्षेसाठी, फार तर वैद्यकासाठी जात असे. धर्म शिकण्यासाठी साहेबाच्या देशात जायचे, हा प्रकार पुष्कळांना विपरीत वाटावा असाच होता.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. घरची भाषा मराठी, गावची कानडी. किरनापूर-बालाघाटच्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी हे शब्द एकमेकांच्या अंगाखांद्यावरून जावेत, तशी ती सीमेवरची वस्ती होती. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला आपल्याहून निराळे बोलणारा आणि निराळी पूजा करणारा शेजारी परका वाटत नाही. वडील रामजीबाबा वारकरी, आई यमुनाबाई सोशिक. भजन-कीर्तनाचा नाद घरातच होता. सुबत्ता मात्र नव्हती, आणि पुढे आलेल्या ओढग्रस्तीने या कुटुंबाची पाठ फारशी कधी सोडली नाही.

१८९३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य मिळाले. याच काळात मिल्ल, स्पेन्सर आणि मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या मनात खळबळ माजवली. पहिल्या दोघांनी परंपरागत श्रद्धेची मुळे हलवली, तर तिसऱ्याने धर्म ही टाकून देण्याची नव्हे, तपासून पाहण्याची वस्तू आहे हे शिकवले. धाकटी बहीण जनाक्का हिच्या सासरच्या छळामुळे स्त्रीजातीच्या दुःखाची झळ घरातच लागली होती. तिला त्यांनी पुण्यास आणून हुजूरपागेच्या शाळेत घातले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या सहवासाने ते प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले, आणि १८९८ मध्ये बी.ए. झाले त्याच वर्षी त्यांनी समाजाची दीक्षा घेतली. कायद्याचा अभ्यास चालू होता, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही.

याच सुमारास एक संधी चालून आली. इंग्लंडमधील युनिटेरियन पंथाच्या संस्थेने हिंदुस्थानातील ब्राह्म व प्रार्थना समाजांच्या तरुणांसाठी ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात शिकण्याची शिष्यवृत्ती ठेवली होती. परत येऊन धर्मप्रचाराचे काम करावे, एवढीच अपेक्षा होती. शिंद्यांची निवड झाली. प्रवासखर्चाची व्यवस्था पुन्हा सयाजीरावांनीच केली. सप्टेंबर १९०१ मध्ये, पत्नी रुक्मिणीबाई व वृद्ध आईवडील यांना मागे ठेवून, शिंदे मुंबईहून बोटीत बसले. घरातला कर्ता मुलगा दोन वर्षांसाठी समुद्रापार गेला, आणि परतल्यावरही तो मोठ्या पगाराच्या नोकरीवर बसणार नाही हे आधीच ठरलेले होते. या निर्णयाची किंमत घरच्या माणसांनी मोजली, याची नोंद चरित्रकारांनी अधिक ठळकपणे घ्यायला हवी.

मँचेस्टर कॉलेज ही संस्था मुळात १७८६ मध्ये मँचेस्टर शहरात निघाली. इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा सिद्धांत न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे त्या वेळी बंद होती. अशांसाठी ती काढली गेली. विद्यापीठांतील धर्मविषयक शपथांचे बंधन १८७१ मध्ये उठले, आणि पुढे १८८९ मध्ये ही संस्था ऑक्सफर्डला आली. तरी ती विद्यापीठाचा भाग नव्हती. तो पूर्ण मान तिला मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. एका परीने उंबरठ्यावरच्या या कॉलेजात कोणत्याही विद्यार्थ्याकडून अमुक मत मानतो असे वदवून घेतले जात नसे. जन्मभर उंबरठ्यावरच राहिलेल्या शिंद्यांसारख्या माणसाला हीच जागा मिळावी, यात एक प्रकारची संगती होती.

धर्मांचा तौलनिक अभ्यास हे शास्त्रही तेव्हा तरुणच होते. हॉलंडमध्ये लायडेन विद्यापीठात कॉर्नेलिस टीले यांनी १८७७ पासून या विषयाचे अध्यापन चालवले होते. खुद्द ऑक्सफर्डमध्ये मॅक्समुल्लर यांनी पौर्वात्य धर्मग्रंथांच्या भाषांतरांची माला १८७९ मध्ये सुरू केली आणि ती पन्नास खंडांपर्यंत गेली. शिंदे तेथे पोहोचले त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर १९०० मध्ये, मॅक्समुल्लर निवर्तले होते. ज्यांच्या ग्रंथांनी या वाटेला लावले, त्यांची भेट अशी हुकली.

परंतु गुरू लाभले ते तोलामोलाचे. प्राचार्य डॉ. जेम्स ड्रमंड, तत्त्वज्ञानाचे अध्यापक चार्ल्स अप्टन, आणि तौलनिक धर्माचे अध्यापक जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. कार्पेंटर हे पाली भाषेचे जाणते होते. दीघनिकायाच्या पाली संहितेच्या संपादनात त्यांचा ऱ्हीस डेव्हिड्स यांच्यासोबत सहभाग होता. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने बुद्धवचनांच्या पाठांतील अक्षर न् अक्षर इतक्या आदराने तपासावे, हे दृश्य हिंदुस्थानातून गेलेल्या तरुणाला काही शिकवून जाणारे होते. मिशनरी मंडळी दुसऱ्याचा धर्म वाचीत ती बहुधा त्यातील व्यंगे शोधण्यासाठी, आणि आपले शास्त्री-पंडित तर तो वाचीतच नसत.

या अभ्यासाचा खरा कस दुसऱ्याच ठिकाणी लागत असे. परधर्माच्या ग्रंथाला लावायची कसोटी स्वतःच्या ग्रंथाला आधी लावायची, हा तेथील शिरस्ता होता. कार्पेंटर यांनी पहिल्या तीन शुभवर्तमानांची ऐतिहासिक छाननी करणारा ग्रंथ १८९० मध्येच लिहिला होता. ते ग्रंथ कोणी, केव्हा, कोणत्या आधारे लिहिले आणि एकाने दुसऱ्याकडून काय उचलले, याचा तो शोध होता. ड्रमंड यांचा चौथ्या शुभवर्तमानावरील ग्रंथ १९०३ मध्ये, म्हणजे शिंद्यांच्या विद्यार्थिदशेतच, प्रसिद्ध झाला. त्यात एक गंमत आहे. ड्रमंड युनिटेरियन, येशूचे ईश्वरत्व न मानणारे. ते शुभवर्तमान योहानाचे नव्हे, मागाहून रचलेले आहे, असा निष्कर्ष त्यांच्या पंथाला सोयीचा होता. तरीही पुरावा पाहून त्यांनी परंपरागत कर्तृत्वाच्या बाजूने कौल दिला. पुढील विद्वानांनी तो बहुतांशी मानला नाही, हा भाग निराळा. आपल्या पक्षाला गैरसोयीचे असले तरी पुराव्यामागे जायचे, हा धडा अशा गुरूंपाशी मिळत असे. शिंद्यांनी तो इतका पचवला की पुढे कोणताही पक्ष त्यांना पूर्णपणे आपला म्हणू शकला नाही.

ग्रंथालयाच्या भिंतीआड मात्र ते कोंडून राहिले नाहीत. युनिटेरियन पंथाने इंग्लंडच्या मोठ्या शहरांतून गरीब वस्त्यांसाठी सेवाकेंद्रे चालवली होती. तेथील धर्मोपदेशक वस्तीत मिसळून मुलांच्या शाळा, आजाऱ्यांची विचारपूस, व्यसनमुक्ती अशी कामे करीत. शिंद्यांनी ही केंद्रे बारकाईने पाहिली. जगावर राज्य करणाऱ्या राष्ट्राच्या पोटात किती दारिद्र्य दडले आहे, हेही त्यांना दिसले. प्रवासाची व तिकडील धर्मजीवनाची हकीकत ते मुंबईच्या ‘सुबोधपत्रिके’साठी लिहून पाठवीत. सप्टेंबर १९०३ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे उदार धर्मवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध सादर केला. सोळा वर्षे आधी तिकडे कोणाला जमखंडीचे नावही ठाऊक नसेल. आता तेथील वारकऱ्याचा मुलगा युरोपच्या व्यासपीठावर आपल्या देशाच्या धर्मपरंपरेचा हिशेब मांडत होता.

परतल्यावर मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून त्यांनी काम सुरू केले. रविवारची उपासना, व्याख्याने, टपालाने धर्मविषयक वाङ्मय पाठवण्याची योजना, सारे यथासांग चालले होते. परंतु सर्व धर्मांत एकच ईश्वर आहे असे सुशिक्षितांच्या सभेत सांगायचे आणि लाखो माणसांना देवळाच्या पायरीलाही स्पर्श होऊ द्यायचा नाही, या दोहोंचा मेळ त्यांना बसेना. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बांधवांची सभा मध्यरात्री भरली. त्या सभेने त्यांच्या मनाचा निश्चय झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला एक शाळा उघडून ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ची स्थापना झाली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष, शिंदे चिटणीस. इंग्लंडमध्ये पाहिलेल्या सेवाकेंद्रांचा संस्कार येथे उघड दिसतो. कार्यकर्त्याने वस्तीत राहायचे, घरच्यांनाही त्यात ओढायचे. आईवडील, जनाक्का व इतर भगिनी या कामात उतरल्या. वामनराव सोहोनी आणि सय्यद अब्दुल कादर हे सहकारी मिळाले. मराठा, ब्राह्मण आणि मुसलमान एका छपराखाली राहून अस्पृश्यांच्या मुलांना शिकवीत आहेत, असे चित्र १९०६ नंतरच्या मुंबईत दिसू लागले. ऑक्सफर्डच्या वर्गात ऐकलेल्या तौलनिक धर्माचे हे प्रात्यक्षिकच होते.

पुढील वाटचाल कष्टाची झाली. १९१० मध्ये प्रार्थनासमाजाच्या प्रचारकपदाशी त्यांचा संबंध सुटला. १९१२ पासून पुणे हे कार्याचे केंद्र झाले. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली, आणि तो ठराव झाला. मार्च १९१८ मध्ये मुंबईस सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारक परिषद भरली. लोकमान्य टिळक तेथे बोलले, पण वैयक्तिक प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही मात्र मिळाली नाही.

याहून बोचरा प्रसंग नागपूरचा. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी त्यांच्या संस्थांनी न निवडता कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी मिशनची भूमिका होती. मे १९२० च्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भरलेल्या बहिष्कृत परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने तिचा निषेध झाला. हा आक्षेप न्याय्य होता हे मान्य केले पाहिजे. आपला प्रतिनिधी आपण निवडावा, ही मागणी दुसऱ्या कोणाच्या सदिच्छेवर सोपवता येत नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव असलेली जागा नाकारून ते पुण्याच्या सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पडले. स्वजातीयांना ते ब्राह्मणांचे वाटले, ब्राह्मणांना बाटलेले, आणि ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांतील नव्या पिढीला परके. १९२३ मध्ये मिशनच्या सूत्रांपासून ते दूर झाले.

अभ्यासकाची वृत्ती मात्र मावळली नाही. मंगळूरच्या ब्राह्मसमाजाचे आचार्यपद काही काळ सांभाळून १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांनी बौद्ध धर्म त्याच्या आचारात पाहिला, आणि त्या समतेच्या धर्मातही देवळांना वाहिलेले दासांचे बहिष्कृत वर्ग आहेत हे हेरून त्यांची माहिती जमवली. अस्पृश्यता हा केवळ हिंदूंचा रोग, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. तसेच परदेशातही ती आहे म्हणून तिचे समर्थन करणेही. शिंद्यांनी दोन्ही टाळले. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथात ब्रह्मदेशातील ही सामग्री वैदिक व बौद्ध वाङ्मयातील पुराव्यांशेजारी मांडलेली आढळते. कार्पेंटरांच्या वर्गातली रीत तीस वर्षांनी मराठीत अशी उतरली.

१९३० च्या कायदेभंगात त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. विद्यापीठात अध्यापकाची खुर्ची त्यांना कधीच मिळाली नाही. त्यांच्या हयातीत हिंदुस्थानच्या विद्यापीठांतून असा विषय शिकवण्याची फारशी सोयही नव्हती. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९६७ मध्ये. अखेरच्या काळात मोठ्या सभांपेक्षा घराघरांतून होणाऱ्या कौटुंबिक उपासनेवर त्यांनी भर दिला होता. अंगणात बायकामुले, शेतकरी आणि शेजारी बसलेले, आणि ऑक्सफर्डला शिकून आलेला हा वृद्ध गृहस्थ त्यांना साध्या मराठीत प्रार्थना सांगत आहे, असा तो प्रघात होता. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.