परीकथांची खतावणी

इंग्रजी बालवाङ्मयाच्या कपाटात एक रंगीत ओळ असते. निळं, तांबडं, हिरवं, पिवळं, गुलाबी, करडं, जांभळं असं करत करत बारा रंगांची बारा पुस्तकं. त्यातलं पहिलं, 'ब्लू फेअरी बुक', १८८९ साली लंडनच्या लाँगमन्स प्रकाशनानं काढलं आणि शेवटचं, 'लायलॅक फेअरी बुक', १९१० साली. सिंड्रेला, अल्लाउद्दीन, निद्रिस्त राजकन्या, चाळीस चोर अशा चारशेहून अधिक गोष्टी त्यांत आहेत. बाराही पुस्तकांवर नाव एकच आहे, अँड्र्यू लँग.

नाव वाचून आपल्याला वाटतं, हा गृहस्थ गावोगाव हिंडला असेल, म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर वही उघडून बसला असेल. या गोष्टींसाठी त्यांनी तसं काहीच केलं नाही. मग या चारशे गोष्टी आल्या कुठून? आयुष्यभर बँकेत जमाखर्च ताडून पाहण्याचं काम केल्यामुळे असेल, पण नोंद कुणाच्या खात्यावर पडली, हा प्रश्न मला सुटत नाही. लँग यांच्या बाबतीत तर तो विचारायलाच हवा.

लँग यांचा जन्म ३१ मार्च १८४४ चा, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या सेलकर्क गावचा. आठ भावंडांत ते थोरले. हा सगळा मुलूख पोवाड्यांचा आणि भुताखेतांचा. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याच परगण्याचे शेरीफ होते. म्हणजे गोष्टी इथल्या मातीतच होत्या. मात्र घराण्याचा दुसरा धागा वेगळा आहे. आईचे वडील पॅट्रिक सेलर हे उत्तरेकडच्या सदरलँडच्या जहागिरीचे कारभारी. मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायची म्हणून १८१४ साली त्यांनी स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातल्या कुळांना घरांतून बाहेर काढलं. त्यापायी त्यांच्यावर १८१६ साली खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. तिथल्या लोकांनी मात्र त्यांना कधी माफ केलं नाही. ज्या चुलींभोवती पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्या चुली आजोबांनी विझवल्या आणि नातवाचं नाव झालं ते गोष्टींमुळे. नियतीचा हिशेब असा विचित्र असतो.

सेंट अँड्र्यूज आणि ऑक्सफर्ड इथं शिकून लँग मर्टन कॉलेजचे फेलो झाले. जन्मभराची सोय झाली होती. पण त्या काळी अशा फेलोला लग्न केलं की जागा सोडावी लागे. १८७५ साली त्यांनी लिओनोरा ब्लांश ॲलेन यांच्याशी लग्न केलं, फेलोशिप सोडली आणि दोघांनी लंडनला बिऱ्हाड थाटलं. तिथून पुढे महिन्याचा पगार असा नाहीच. जे काही घरात येई ते लेखणीतून. वर्तमानपत्रांतले अग्रलेख, मासिकातलं सदर, होमरच्या महाकाव्यांची सहलेखकांबरोबर केलेली भाषांतरं, स्कॉटलंडचा इतिहास, क्रिकेट, मासेमारी, भुतं... विषय वर्ज्य नव्हता.

लोककथांवर त्यांचं प्रेम अभ्यासकाचं होतं. १८७८ साली लंडनमध्ये निघालेल्या फोकलोअर सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता आणि पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. त्यांचा मोठा वाद झाला तो आपल्या ओळखीच्या एका विद्वानाशी, ऋग्वेदाचे संपादक मॅक्सम्युलर यांच्याशी. मॅक्सम्युलर यांचं म्हणणं असं, की देवादिकांच्या कथा मुळात सूर्य, उषा, मेघ यांची वर्णनं. पुढे शब्दांचे मूळ अर्थ हरवले आणि त्या वर्णनांच्या कथा झाल्या. लँग यांना हे पटेना. ज्यांच्या भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, अशा लोकांतही त्याच कथा कशा सापडतात, असा त्यांचा सवाल होता. माणूस सुरुवातीच्या अवस्थेत जगाकडे जिथं तिथं सारख्याच नजरेनं पाहतो, म्हणून कथाही सारख्या निघतात, हे त्यांचं उत्तर. 'कस्टम अँड मिथ' या १८८४ च्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं. दोघांच्याही सगळ्याच गोष्टी काळाच्या कसोटीला उतरल्या नाहीत; पण सूर्यकथेचा तो सिद्धान्त मागे पडला, त्यात लँग यांच्या टीकेचा हात मोठा.

त्यांनी स्वतःच्या कल्पनेतूनही अद्‌भुत कथा लिहिल्या. १८८८ च्या 'द गोल्ड ऑफ फेअरनिली'मध्ये त्यांच्याच मुलखातला एक मुलगा परीराज्यात सात वर्षं हरवतो. १८८९ चा 'प्रिन्स प्रिगियो' तर फारच गमतीचा आहे. राणीचा पऱ्यांवर विश्वास नसतो. बारशाला आलेल्या पऱ्या जादूच्या भेटी ठेवून जातात आणि राणी त्या अडगळीच्या खोलीत टाकून देते. शेवटची परी शाप देते, की हा मुलगा नको इतका हुशार होईल. पुढे त्या अतिहुशार राजपुत्राला कोणी जवळ करीत नाही. प्रेमात पडल्यावर त्याला अडगळीतल्या त्या जादूच्या वस्तू खऱ्या वाटू लागतात. इतक्या विद्वान माणसानं ही गोष्ट लिहावी, यातच सारं आलं.

आता रंगीत पुस्तकांकडे येऊ. त्या काळी इंग्लंडमध्ये परीकथा मागे पडल्या होत्या. त्यांनी मुलं बिघडतात, असं शिक्षणाची काळजी वाहणारे म्हणत. निळ्या पुस्तकाच्या पहिल्या पाच हजार प्रती निघाल्या, किंमत सहा शिलिंग. पुस्तक मुलांनी उचलून धरलं आणि मग रंगामागून रंग येत गेले. कथा निवडायच्या आणि पुस्तक सिद्ध करायचं हे लँग यांचं काम. पण फ्रेंच, जर्मन आणि इतर भाषांतल्या गोष्टी इंग्रजीत आणायच्या, मुलांना रुचतील अशा बेतानं मांडायच्या, हे काम करीत होत्या बायका. मिनी राइट, मे सेलर, सिल्व्हिया हंट ही त्यांतली काही नावं. आणि जसजशी वर्षं गेली, तसतसा सगळा भार एकीवर आला. ती म्हणजे लिओनोरा लँग.

या बाईंना अनेक भाषा येत. त्यांची स्वतःची कादंबरी १८८४ साली प्रसिद्ध झाली होती. घरात मूलबाळ नव्हतं. पण ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नाही, अशा लाखो मुलांसाठी त्या वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. १९१० च्या शेवटच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लँग यांनी हे मोकळेपणानं सांगून टाकलं. ही पुस्तकं जवळजवळ संपूर्णपणे आपल्या पत्नीनं केलेली आहेत, तिनं कितीतरी भाषांतून ती आणली आणि आपण नुसती देखरेख केली, असा त्याचा आशय. सांगितलं ते थट्टेच्या सुरात, पण सांगितलं. मुखपृष्ठ मात्र बदललं नाही.

लँग यांना मी दोष देतो असं नाही. आधीच्या प्रस्तावनांतही ते मदतनिसांची नावं देत आले होते. त्यांच्या नावावर पुस्तक खपत होतं, त्या नावाशिवाय कदाचित निघालंच नसतं. बँकेतही ताळेबंदावर सही मॅनेजरची असते. रात्री नऊपर्यंत बसून चार आण्यांचा फरक शोधणाऱ्या कारकुनाचं नाव त्यावर नसतं. पण ताळेबंद जुळतो तो त्याच्यामुळे, हे शाखेत सगळ्यांना ठाऊक असतं. वाचकांना लिओनोरा ठाऊक नव्हत्या, एवढाच फरक.

ही ओळ आणखी मागे नेता येते. १९०७ च्या 'ऑलिव्ह फेअरी बुक'मध्ये पंजाबच्या कथा आहेत. त्या फिरोजपूरला मेजर कॅम्पबेल यांना ऐकायला मिळाल्या. मेजरसाहेबांचं नाव आपल्याला कळतं, सांगणाऱ्यांचं कळत नाही. निळ्या पुस्तकाच्या एकवीस वर्षं आधी, १८६८ साली, आपल्याकडच्या कथांचं 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघालं, ते आठवतं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती आणि तिच्या आयेनं, ॲना लिबेराता डिसूझा यांनी, आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला सांगितल्या. मुखपृष्ठ तिथंही मेरीचंच. पण आत ॲनाचं नाव आहे आणि तिची सबंध जीवनकहाणीही आहे.

२० जुलै १९१२ रोजी स्कॉटलंडमध्ये बँकोरी इथं लँग गेले. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कॅथीड्रलच्या आवारात त्यांचं थडगं आहे. त्यांच्या नावानं त्या विद्यापीठात व्याख्यानं सुरू झाली आणि १९३९ साली तिथंच टोल्किन यांनी परीकथेवर दिलेलं व्याख्यान आजही अभ्यासलं जातं. लिओनोरा त्यांच्यामागे एकवीस वर्षं जगल्या आणि १९३३ साली गेल्या.

गोष्ट सांगणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, मिळालंच तर नाव मिळतं. म्हणून आज रात्री नातवंडाला गोष्ट सांगाल तेव्हा शेवटी एवढं जरूर सांगा, की ही मला अमक्या मावशीनं सांगितली होती, आणि तिला तिच्या आजीनं. एका ओळीची नोंद आहे. पण खातं त्यानंच जुळतं.