विश्लेषण : मार्कोनींनी जगदीशचंद्र बोस यांचा शोध ‘चोरला’ होता का? पेटंट कायदा काय सांगतो?

रेडिओचा खरा शोध जगदीशचंद्र बोस यांचा, मार्कोनींनी तो चोरला, असा संदेश समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. प्रत्यक्षात बोस यांच्या नावावर अमेरिकेचे पेटंट होते. त्यातून पैसा कमवायचा नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले होते. त्यांच्या आयुष्याची गोष्ट पाहिली की बौद्धिक संपदा कायद्याचा पायाही समजतो.

तत्त्वासाठी तीन वर्षे बिनपगारी?

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. वडील सरकारी अधिकारी होते, तरी त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. केंब्रिजमध्ये शिकून बोस १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे भारतीयांना युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन मिळे. बोस यांनी नोकरी सोडली नाही, पण तीन वर्षे पगारही घेतला नाही. अखेर सरकारने त्यांना पूर्ण वेतन थकबाकीसह दिले.

शोध नेमका काय होता?

बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बारूद उडवून दाखवली. त्या काळी लहरी टिपणाऱ्या यंत्रात एक अडचण होती. लहर आली की आतला धातूचा कीस एकमेकांना चिकटे आणि दर वेळी टिचकी मारून तो मोकळा करावा लागे. आपोआप पूर्ववत होणाऱ्या ग्राहक यंत्राची माहिती बोस यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंधातून मांडली. त्यात पारा वापरलेल्या रचनेचाही समावेश होता.

निबंध छापला, म्हणजे हक्क मिळाला नाही का?

नाही. निबंधाच्या मजकुरावर कॉपीराइट असतो, पण त्यातल्या कल्पनेवर नसतो. यंत्रावर हक्क हवा तर पेटंट लागते. पेटंट हा सरकार आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. संशोधकाने शोध पूर्ण उघड करायचा आणि त्या बदल्यात सरकारने ठरावीक मुदतीपुरता इतरांना तो वापरण्यापासून रोखण्याचा हक्क द्यायचा. गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी जून १८९६ मध्येच लंडनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. बोस यांनी मात्र माहिती उघड केली आणि बदल्यात काही मागितले नाही.

शोध नवा असणे ही पेटंटची पहिली अट आहे. आधीच प्रसिद्ध झालेल्या गोष्टीवर सहसा पेटंट मिळत नाही, मग अर्जदार मूळ संशोधक का असेना. भारताच्या सध्याच्या कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या अपवादांत १२ महिन्यांची सवलत आहे.

मग अमेरिकेचे पेटंट कसे?

१९०१ मध्ये बोस लंडनमध्ये असताना एका तार कंपनीच्या मालकाने त्यांची भेट घेतली. पेटंटचा खर्च आपण करू आणि नफा वाटून घेऊ, असा त्याचा प्रस्ताव होता. बोस यांनी नकार दिला आणि पैशाच्या या हव्यासाबद्दलची अस्वस्थता मित्र रवींद्रनाथ टागोर यांना पत्रातून कळवली.

भगिनी निवेदिता आणि अमेरिकी स्नेही सारा बुल यांना हे पटले नाही. त्यांच्या आग्रहामुळे ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल झाला. तो गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरणाऱ्या ग्राहकासाठी होता. २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले, त्यात निम्मा वाटा सारा बुल यांचा होता. पेटंट ज्या देशात मिळते, तिथेच चालते. त्यामुळे हा हक्क अमेरिकेपुरता होता. बोस यांनी त्यातून पैसा कमावला नाही.

मार्कोनींवरील आरोपात तथ्य किती?

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनींनी अटलांटिकपलीकडचा संकेत टिपला, तो पारा वापरणाऱ्या ग्राहकाच्या साह्याने. हे यंत्र त्यांना इटलीच्या नौदलातून मिळाले होते. ते कुणाचे, यावर त्याच काळात वाद झाला. पुढे अभ्यासकांनी त्याचे मूळ बोस यांच्या १८९९ च्या निबंधात दाखवले. श्रेय न मिळणे हा अन्याय म्हणता येईल. पण जे पेटंट घेतलेच नव्हते, त्याचा भंग झाला असे कायदा म्हणू शकत नाही.

कॉपीराइट आणि ट्रेडमार्क वेगळे कसे?

याचे उदाहरणही बोस यांच्याच आयुष्यात सापडते. १८९६ मध्ये त्यांनी ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या कथास्पर्धेसाठी बंगालीत विज्ञानकथा लिहिली. तीत तेलाच्या एका बाटलीने वादळ शमते. अशा कथेवर लेखकाचा कॉपीराइट असतो. भारतात तो आता लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तेलाचे नाव हा ट्रेडमार्कचा विषय आहे. नूतनीकरण करत राहिले तर तो कितीही काळ टिकू शकतो. शोधावरच्या पेटंटची मुदत मात्र भारतात अर्जापासून २० वर्षांचीच आहे.

बोस यांनी पुढे काय केले?

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. इथले शोध सर्वांचे असतील आणि त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही, असे त्यांनी उद्घाटनाच्या भाषणातच जाहीर केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकी पेटंटची १७ वर्षांची मुदत त्याआधीच, १९२१ मध्ये संपली होती. तेव्हापासून गॅलेनाचा तो ग्राहक कुणीही, कुणालाही न विचारता बनवू शकतो. बोस यांना पहिल्यापासून हेच हवे होते.