शंख-शिंपल्यांतून मोजमापाचा श्रीगणेशा

हाती पट्टी किंवा तराजू येण्याच्या कितीतरी आधी मूल मापन शिकू लागते. कोणते पान मोठे, कोणता दगड जड, कोणाच्या ओंजळीत बिया अधिक, हे प्रश्न त्याला खेळतानाच पडतात. या सहज कुतूहलावर ग्रामीण व आदिवासी बालशिक्षणाची उभारणी करणाऱ्यांत अनुताई वाघ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहाच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. मात्र खचून न जाता त्यांनी शिक्षणाची वाट धरली. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी प्रारंभी नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण भागात आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केले.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्याशी आलेल्या संपर्कातून अनुताई बोर्डीच्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात दाखल झाल्या. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत लहान-मोठे ठोकळे व काठ्या क्रमाने लावून मुलांना आकारमानाची जाण दिली जाते. परंतु ही साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यामुळे पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, बांबू आणि माती हीच येथील शैक्षणिक साधने ठरली. काड्या शेजारी ठेवल्या की लांब-आखूड कळते. दोन हातांत दोन खडे घेतले की जड-हलके उमगते. आधी दोन वस्तूंची तुलना, मग तीन-चार वस्तूंचा चढता-उतरता क्रम, त्यानंतर वीत, पाऊल व ओंजळ यांनी मोजणे आणि शेवटी प्रमाणित माप, असा हा स्वाभाविक प्रवास आहे.

मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या वस्तीत नेण्यात आली. यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. १९५७ मध्ये कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर हलले. तेथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात मोठ्या मुलांची शाळा बुडू नये, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकारास आली.

१९७३ मध्ये ताराबाईंच्या निधनानंतर अनुताईंनी ही धुरा समर्थपणे वाहिली. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

अंगणवाडी हा शब्द १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचला. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरही पाने, खडे आणि बिया विपुल आहेत. त्यांच्याकडे साधन म्हणून पाहणारी शिक्षिका लाभली, तर तेथील बालकाचे गणित महागड्या खेळण्यांवाचून अडणार नाही, हाच अनुताईंच्या कार्याचा वारसा आहे.