एमा गेटवूड : ६७ व्या वर्षी ३,३०० किलोमीटर चाललेली आजी



चरित्र सांगायचं म्हटलं की आपल्याला राजे, शास्त्रज्ञ, समाजसुधारक आठवतात. आज मात्र मी तुम्हाला एका शेतकरी आजीची ओळख करून देणार आहे. तिच्याकडे पदवी नव्हती, पैसा नव्हता, पाठीशी कुठली संस्था नव्हती. ती फक्त चालली. पण इतकी चालली की अमेरिकेतल्या लांब पायवाटांच्या इतिहासात तिचं नाव कायमचं लिहिलं गेलं. तिचं नाव एमा गेटवूड. अमेरिकेत तिला 'ग्रँडमा गेटवूड' म्हणजे गेटवूड आजी म्हणूनच ओळखतात.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण ती सांगताना बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. उरलेली अर्धी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी जास्त महत्त्वाची आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

जन्म आणि बालपण

एमाचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, गॅलिया परगण्यात झाला. माहेरचं आडनाव कॉल्डवेल. घरात एकूण १५ भावंडं! एका पलंगावर चार-चार मुलं झोपायची. शेतीचं काम पाचवीलाच पुजलेलं. शाळा झाली ती आठवीपर्यंतच. पण वाचनाची गोडी अशी की हाताला लागेल ते पुस्तक ती वाचून काढायची. रानात फिरताना कोणती वनस्पती खायची, कोणती औषधाला चालते, हेही ती शिकत गेली. हे शिक्षण पुढे कुठे कामाला येणार आहे ते लक्षात ठेवा.

विवाह आणि ३० वर्षांचा अंधार

१९०७ साली, वयाच्या १९ व्या वर्षी एमाचं लग्न पी. सी. गेटवूड यांच्याशी झालं. नवरा शिकलेला होता, कॉलेजात गेलेला होता आणि प्राथमिक शाळेत शिक्षक होता. पुढे तो शेती करू लागला. आपण सगळे त्याच पेशातले आहोत, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मारहाण सुरू झाली आणि ती तीसहून अधिक वर्षं चालली. या काळात एमाबाईंना ११ मुलं झाली. घरकाम, बाळंतपणं, तंबाखूच्या शेतातली कामं, कुंपणं घालणं हे सगळं त्या करत होत्या. मार असह्य झाला की त्या घरामागच्या रानात निघून जायच्या. त्यांच्यासाठी जंगल ही भीतीची जागा नव्हती. भीती घरात होती. जंगलात त्यांना जरा निवांत श्वास घेता यायचा.

१९३९ साली झालेल्या मारहाणीत त्यांचे दात तुटले, बरगडीला तडा गेला. त्या दिवशी त्यांनीही प्रतिकार केला आणि पिठाची पिशवी नवऱ्याच्या अंगावर फेकली. आता गंमत बघा, म्हणजे खरं तर संतापजनक गोष्ट. अटक झाली ती एमाबाईंना! तुटलेल्या दातांनिशी त्या कोठडीत बसल्या होत्या. गावच्या महापौरांनी त्यांची अवस्था पाहिली, त्यांना तिथून सोडवलं आणि आपल्या घरी आसरा दिला. अखेर १९४१ मध्ये त्यांना घटस्फोट मिळाला. तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. त्या काळात, त्या खेड्यात घटस्फोट घेणं ही सोपी गोष्ट नव्हती.

एका मासिकातील लेख

मुलं मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली. एमाबाई आता आजी झाल्या होत्या. एके दिवशी त्यांच्या हाती नॅशनल जिओग्राफिक मासिकाचा १९४९ सालचा एक अंक आला. त्यात अ‍ॅपलाचियन ट्रेल या पायवाटेवर लेख होता.

ही पायवाट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. तिच्या माथ्यामाथ्याने एक सलग पायवाट असावी, अशी कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली मांडली. स्वयंसेवकांनी राबून ती १९३७ पर्यंत पूर्ण केली. दक्षिणेत जॉर्जियापासून उत्तरेत मेनपर्यंत, १४ राज्यांतून ती जाते. झाडांवर, खडकांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेले असतात, ते बघत बघत चालायचं. १९४८ मध्ये अर्ल शाफर या तरुणाने ती एका दमात पूर्ण चालून दाखवली. पण एकट्या बाईने ती एका मोसमात पूर्ण केल्याची नोंद तोपर्यंत नव्हती.

लेख वाचून आजींच्या मनाने घेतलं, आपणही ही वाट चालायची. लेखात वाट अगदी सोपी वाटत होती. प्रत्यक्षात ती तशी नव्हती, हे त्यांना लवकरच कळलं.

पहिला प्रयत्न फसला

जुलै १९५४ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी त्या उत्तरेकडच्या टोकाला, मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतावर गेल्या आणि तिथून चालायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत वाट चुकल्या. चष्मा फुटला. अन्न संपत आलं. वनरक्षकांनी त्यांना शोधून काढलं आणि घरी परत जायला सांगितलं. म्हाताऱ्या बाईने हा नाद करू नये, असंच त्यांचं मत होतं.

आजी घरी परतल्या. या प्रयत्नाबद्दल त्यांनी घरात काही सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षासाठी दोन बदल केले. एक, सुरुवात दक्षिणेकडून करायची, म्हणजे उन्हाळा जसा उत्तरेकडे सरकेल तसं आपणही सरकायचं आणि सगळ्यात अवघड मेनमध्ये पाय तयार झाल्यावर पोहोचायचं. दोन, आधी सराव करायचा. त्या रोज चालू लागल्या आणि अंतर हळूहळू वाढवत नेलं. अपयशाचा असा अभ्यास किती जण करतात?

३ मे १९५५

या दिवशी जॉर्जियातल्या माउंट ओग्लथॉर्पवरून आजी निघाल्या. वय ६७. मुलांना एवढंच सांगितलं होतं की जरा फिरायला जातेय. कुठे आणि किती, ते सांगितलंच नाही!

सामान काय होतं? डेनिमच्या कापडाची स्वतः शिवलेली एक पिशवी, ती खांद्यावर टाकायची. तिच्यात एक ब्लँकेट, एक रेनकोट आणि न्हाणीघरात लावतात तसला प्लॅस्टिकचा पडदा. पाऊस आला की पडदा पांघरायचा. तंबू नाही, झोपायची उबदार पिशवी नाही, नकाशा नाही, होकायंत्र नाही. पायात आपल्या मुलांच्या पीटीच्या बुटांसारखे साधे कॅनव्हासचे बूट. त्या प्रवासात असे कितीतरी जोड झिजले. खायला मनुका, दाणे, दुधाची पावडर, सूपच्या वड्या आणि डब्यातलं मांस. बाकी रानातल्या भाज्या आणि फळं. लहानपणी शिकलेली वनस्पतींची ओळख इथे कामाला आली.

रात्री निवारा मिळाला तर ठीक, नाहीतर पानांच्या ढिगावर किंवा एखाद्या बाकावर झोपायचं. फार थंडी असली तर विस्तवात दगड तापवून त्यांच्या उबेला झोपायचं. काही घरांनी त्यांना प्रेमाने जेवू घातलं, काहींनी दारातूनच परत पाठवलं.

ऑगस्टमध्ये कोनी आणि डायन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली. ईशान्य अमेरिकेत मोठे पूर आले, अनेक माणसं दगावली. ओढे दुथडी भरून वाहत होते. व्हरमाँट राज्यात एक ओढा ओलांडणं अशक्य झालं, तेव्हा वाटेवर भेटलेल्या नौदलातल्या दोन तरुणांनी दोरीने आजींना आपल्याशी बांधून घेतलं आणि पलीकडे नेलं.

एव्हाना वर्तमानपत्रांना या आजींचा सुगावा लागला होता. गावोगाव वार्ताहर त्यांची वाट बघू लागले. मुलांना आई कुठे आहे ते अशा बातम्यांमधूनच कळलं!

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, १४६ व्या दिवशी आजी कटाडिनच्या शिखरावर पोहोचल्या. सुमारे ३,३०० किलोमीटर चालून झाले होते. म्हणजे मुंबई ते नागपूर साधारण चार वेळा, आणि तेही रस्त्याने नव्हे, डोंगर चढत-उतरत. कटाडिनची उंची सुमारे १,६०५ मीटर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडीशीच कमी. वर पोहोचल्यावर त्यांनी तिथल्या वहीत सही केली आणि देशाचं एक गाणं म्हटलं. आदल्या वर्षी ज्या डोंगरावरून निघून त्या हरल्या होत्या, त्याच डोंगरावर त्यांनी वाट पूर्ण केली.

पुढची पावलं

एकदा करून त्या थांबल्या नाहीत. १९५७ मध्ये त्यांनी हीच वाट पुन्हा पूर्ण चालली. पुढे टप्प्याटप्प्याने चालत १९६४ मध्ये तिसऱ्यांदा पूर्ण केली, तेव्हा त्या ७६ वर्षांच्या होत्या. ही वाट तीनदा पूर्ण करणारी ती पहिलीच व्यक्ती. १९५९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगनमधल्या पोर्टलँडपर्यंतचा जुना ओरेगन ट्रेल, सुमारे ३,२०० किलोमीटर, त्या एकट्या चालून गेल्या.

त्यांच्या चालण्याचा दुसराही उपयोग झाला. ट्रेलची दुरवस्था झाली होती. कुठे झाडं आडवी पडलेली, कुठे खुणा पुसलेल्या. आजींनी वार्ताहरांना हे स्पष्टपणे सांगितलं. त्यामुळे लोकांचं लक्ष गेलं, चालणारे वाढले आणि देखभालीला जोर आला. आपल्या ओहायो राज्यात बकाय ट्रेल ही लांब पायवाट तयार करण्याच्या कामातही त्या सुरुवातीपासून होत्या. हॉकिंग हिल्स भागातल्या सुमारे ६ मैलांच्या वाटेला आज त्यांचं नाव आहे. त्यांनी ज्या हिवाळी पदयात्रेचं नेतृत्व केलं, ती तिथे आजही दर जानेवारीत निघते.

४ जून १९७३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी एमाआजींचं निधन झालं.

न सांगितलेली अर्धी गोष्ट

आता सुरुवातीला म्हटलं तो मुद्दा. वार्ताहर विचारायचे तेव्हा आजी स्वतःला विधवा म्हणवून घ्यायच्या. वास्तविक १९५५ मध्ये त्यांचा घटस्फोटित नवरा जिवंत होता. मारहाणीबद्दल त्या जाहीरपणे बोलल्या नाहीत. त्यामुळे कित्येक वर्षं लोकांना एक हसरी, हौशी आजी एवढंच माहीत होतं. २०१४ मध्ये पत्रकार बेन मॉन्टगोमेरी यांचं चरित्र आलं, तेव्हा हा भाग खूप लोकांपर्यंत पोहोचला.

हे कळल्यावर त्या १४६ दिवसांचा अर्थच बदलतो. जिला ३० वर्षं स्वतःच्या घरात सुरक्षित वाटलं नाही, ती पुरात, थंडीत, अंधाऱ्या रानात एकटी निर्धास्त झोपत होती. हे धाडस ६७ व्या वर्षी अचानक आलेलं नाही. ते आधीच अंगात होतं, फक्त त्याला मोकळी वाट मिळाली नव्हती.

आणि आपल्यासाठी धडा असा की, अत्याचार करणारा माणूस शिकलेला, गावात मान असलेला, चक्क मास्तरही असू शकतो. दुखापत दिसत असूनही तुरुंगात टाकलं गेलं ते तिलाच. एक माणूस, तो महापौर, थांबला आणि त्याने नीट पाहिलं, म्हणून फरक पडला. आपल्या वर्गातही एखादं मूल गप्प गप्प असतं, गृहपाठ अपुरा असतो, सुट्टी झाली तरी घरी जायला पाय उचलत नाही. त्याला आळशी ठरवण्याआधी जरा थांबून पाहूया. गरज वाटली तर मुख्याध्यापकांशी बोलूया, १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच.

वर्गात हे घेता येईल

१. लहान वर्गांना मारहाणीचा भाग न सांगता फक्त चालण्याची गोष्ट सांगा. सातवी-आठवीच्या मुलांना घरातल्या अन्यायाबद्दलही योग्य शब्दांत सांगता येईल.

२. गणित : ३,३०० किलोमीटर, १४६ दिवस. रोजची सरासरी काढायला लावा. उत्तर २२ किलोमीटरच्या वर येतं. आपल्या गावापासून २२ किलोमीटरवर कोणतं गाव आहे, ते मुलांनाच शोधू द्या. मग अंतर खरं कळतं.

३. परिसर अभ्यास : आपल्या परिसरातल्या पाच रानभाज्यांची माहिती घरातल्या आजी-आजोबांना विचारून आणा.

४. भाषा : तुम्हाला एकच पिशवी नेता येणार असेल तर तिच्यात काय भराल आणि का? दहा ओळी लिहा.

पालकांना एक विनंती. चौथा उपक्रम घरातल्या आजीलाही करायला सांगा. तिला कुठे जायचं होतं आणि जाता आलं नाही, हे मुलांसमोर एकदा विचारा. कदाचित आजवर तिला हे कोणी विचारलंच नसेल.

लेख आवडला तर इतर शिक्षकांपर्यंत जरूर पोहोचवा.