कस्तुरबांचें शेवटचें दुखणें

आर्वीकरांस सेवाग्राम परकें नाहीं. परंतु तेथील रुग्णालय ज्या कस्तुरबांच्या नांवें चालतें, त्यांच्या स्वतःच्या औषधोपचाराची हकीकत थोड्यांनाच ठाऊक असते; ती आम्ही येथें देत आहों.

कस्तुरबांचा जन्म १८६९ सालीं पोरबंदरास झाला. दक्षिण आफ्रिकेंत असतां डर्बन येथें त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. अशक्तपणामुळें भूल देतां येईना. त्यांनीं ती तशीच सोसली. पुढें प्रकृति ढासळली तेव्हां डॉक्टरांनीं गोमांसाचा रस देण्याचा आग्रह धरला. गांधीजींनीं त्यांनाच विचारलें, त्यांनीं साफ नकार दिला, आणि तशा नाजूक स्थितींत त्यांना फिनिक्सला हलवून पाण्याच्या उपचारांनीं बरें करण्यांत आलें.

१९४२ च्या ऑगस्टांत त्या पुण्याच्या आगाखान महालांत स्थानबद्ध झाल्या. तेथें हृदयविकार बळावला. डॉ. गिल्डर व कन्येसमान असलेल्या डॉ. सुशीला नय्यर हे दोघेहि तेथेंच बंदी असल्यामुळें वैद्यकीय सल्ला रात्रंदिवस उशाशीं होता. तरी गुण येईना. मग निसर्गोपचार झाले. वैद्य शिव शर्मा आले. त्यांना रात्रीं आंत राहण्याची परवानगी प्रथम मिळेना, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारींत निजत! सरकारच्या या कोतेपणास काय म्हणावें?

अखेर न्यूमोनिया झाला. कनिष्ठ पुत्र देवदास यांच्या खटपटीनें कलकत्त्याहून विमानानें पेनिसिलीन आलें. तें औषध त्या काळीं अतिदुर्मिळ होतें, व दर कांहीं तासांनीं टोचावें लागे. गांधीजींनीं मुलाची समजूत घातली कीं, मरणोन्मुख मातेस आतां सुयांनीं छळूं नये. याच गांधीजींनीं १९२४ सालीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हें सांगून त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो दोष पुरता पटत नाहीं. पेनिसिलीन जंतु मारतें. थकलेलें हृदय त्यानें नवें होत नाहीं. पण औषध हातीं घेऊन दाराशीं उभ्या असलेल्या पुत्राचें दुःखहि आम्हांस हलकें वाटत नाहीं. आईचें औषध आणून तें परत ठेवणें कोणास सोपें जाईल?

२२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या सायंकाळीं, पतीच्या मांडीवर डोकें ठेवून कस्तुरबांनीं देह ठेवला. दुसरे दिवशीं महालाच्या आवारांतच, महादेवभाई देसायांच्या समाधीशेजारीं, त्यांचें दहन झालें.