बॉब हॉफमन

रॉबर्ट कॉलिन्स हॉफमन ऊर्फ बॉब हॉफमन (९ नोव्हेंबर, १८९८ - १८ जुलै, १९८५) हे अमेरिकन उद्योजक, भारोत्तोलन प्रशिक्षक, प्रकाशक आणि यॉर्क बारबेल कंपनीचे संस्थापक होते. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील व्यायामशाळांमध्ये आढळणारे लोखंडी साहित्य मोठ्या प्रमाणावर त्यांच्या कारखान्यातून आलेले असे. १९४८ ते १९६४ या काळात ते अमेरिकेच्या ऑलिंपिक भारोत्तोलन संघाचे प्रशिक्षक होते. पॉवरलिफ्टिंग या खेळाला स्पर्धात्मक स्वरूप मिळाले, त्यात त्यांच्या कंपनीचा आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क या शहराचा मोठा वाटा आहे. शक्तिवर्धक औषधांच्या अमेरिकेतील प्रसाराच्या इतिहासातही त्यांचे नाव येते. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन अभ्यासकांमध्ये वादाचा विषय राहिले आहे.

सुरुवातीचे जीवन

हॉफमन यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे झाला. त्यांचे बालपण पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहराच्या परिसरात गेले. तरुणपणी त्यांना नौकानयनाची, विशेषतः कनू या वल्ह्याच्या होडीच्या शर्यतींची आवड होती. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातून फ्रान्सच्या आघाडीवर लढले. या अनुभवांवर त्यांनी पुढे एक पुस्तक लिहिले व ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले.

युद्धानंतर ते यॉर्क येथे स्थायिक झाले. १९२० च्या दशकात त्यांनी एड क्रेबर यांच्या भागीदारीत घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे तेलाचे बर्नर बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. या व्यवसायात त्यांना चांगले यश मिळाले. याच काळात वजने उचलण्याचा व्यायाम त्यांच्या जीवनाचा केंद्रबिंदू बनला. बर्नरच्या कारखान्यातच त्यांनी बारबेल तयार करण्यास आरंभ केला. त्यांच्या पहिल्या संघाचे नावही यॉर्क ऑइल बर्नर ॲथलेटिक क्लब असेच होते.

तत्कालीन साहित्य

हॉफमन यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी त्यापूर्वीच्या साहित्याची कल्पना असणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्कशीतील व रंगमंचावरील शक्तिवीर जी बारबेल वापरत, तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे असत. हे गोळे भरीव असल्यास वजन बदलता येत नसे, आणि पोकळ असल्यास त्यांत शिशाचे छर्रे किंवा वाळू भरून ते कमीजास्त करावे लागे. थोडेथोडे वजन वाढवत सराव करणे अशा साहित्याने कठीण होते. फिलाडेल्फिया येथील ॲलन कॅल्व्हर्ट यांनी १९०२ मध्ये मायलो बारबेल कंपनी स्थापन करून वजन बदलता येण्याजोगी बारबेल सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचवली. रोज वाढणारे वासरू खांद्यावर वाहून शक्ती कमावणाऱ्या मायलो या प्राचीन ग्रीक मल्लाचे नाव कंपनीला दिले होते. क्रमाक्रमाने भार वाढविण्याचे तत्त्वच त्यातून सूचित होत असे.

दुसरी महत्त्वाची सुधारणा जर्मनीत झाली. न्यूरेंबर्गच्या कास्पार बर्ग यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस फिरत्या टोकांची बारबेल विकसित केली. भारोत्तोलक दांडा वेगाने वर ओढून खांद्यावर घेतो तेव्हा त्याच्या हातातील दांडा फिरतो. प्लेट दांड्याला घट्ट बसवलेल्या असतील, तर त्याही फिरू पाहतात आणि मनगटांना झटका बसतो. टोकांवरील नळ्या स्वतंत्रपणे फिरत असतील तर हा ताण टळतो. हीच रचना ऑलिंपिक बारबेल या नावाने रूढ झाली.

यॉर्क बारबेल कंपनी

१९३२ मध्ये हॉफमन यांनी यॉर्क बारबेल कंपनीची स्थापना केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' या मासिकाचा पहिला अंक निघाला. मासिक आणि कारखाना ही एकाच व्यवसायाची दोन अंगे होती. मासिकात व्यायामाचे पाठ, खेळाडूंची छायाचित्रे व स्पर्धांचे वृत्तांत येत आणि त्यांच्या सोबतीने कंपनीच्या मालाच्या जाहिराती असत. खेड्यात राहणाऱ्या, जवळपास व्यायामशाळा नसलेल्या तरुणाला घरबसल्या साहित्य आणि ते वापरण्याची शिकवण अशा दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळत. १९३५ मध्ये डबघाईला आलेली मायलो कंपनी हॉफमन यांनी विकत घेतली आणि अमेरिकेच्या बाजारपेठेत यॉर्कचे स्थान भक्कम झाले.

कंपनीच्या मालात ओतीव लोखंडाच्या प्लेट, बारबेल व डंबेल यांच्याबरोबर अनेक पूरक साधने होती. पायात बांधण्याचे लोखंडी बूट, मानेच्या व्यायामासाठी डोक्यावर बांधण्याचा पट्टा, छाती व खांद्यांसाठी ताणाच्या स्प्रिंगा आणि डंबेलच्या दांड्याला जोडून केटलबेल तयार करता येईल अशी मूठ ही त्यांपैकी काही होत. एकाच संचातून अनेक साधने तयार करता यावीत हा विचार त्यामागे होता.

यॉर्कच्या मालाचा दीर्घकाळ टिकलेला परिणाम प्रमाणीकरणाच्या स्वरूपात दिसतो. ऑलिंपिक बारबेलचे वजन २० किलोग्रॅम, लांबी सुमारे २.२ मीटर आणि मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या दांड्याचा मध्य सर्वत्र २२.५ सेंटिमीटर उंचीवर येतो. अमुक एका व्यायामशाळेत उचललेले वजन दुसऱ्या गावातील वजनाशी ताडून पाहता येते, ते या समानतेमुळेच. अमेरिकेत हीच मापे पौंडांत बसविली गेली आणि ४५ पौंडांची बारबेल व ४५ पौंडांची प्लेट ही तेथील व्यायामशाळांची प्रचलित एकके बनली. ती आजही कायम आहेत.

यॉर्कचा संघ

हॉफमन यांनी देशभरातील होतकरू भारोत्तोलकांना यॉर्क येथे आणले, त्यांना कारखान्यात व कार्यालयात नोकऱ्या दिल्या आणि सरावाची सोय करून दिली. जॉन टरपाक, टोनी टरलाझो, जॉन ग्रिमेक व स्टीव्ह स्टँको हे त्यांच्यापैकी प्रमुख होत. टरलाझो यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. अमेरिकेचे आधुनिक भारोत्तोलनातील ते पहिले ऑलिंपिक विजेते ठरले. स्टँको यांनी १९४१ मध्ये तीन प्रकारांत मिळून १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५३.६ किलोग्रॅम, वजन उचलले. असा पल्ला गाठणारे ते पहिले भारोत्तोलक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे दशक हा अमेरिकन भारोत्तोलनाचा सुवर्णकाळ होता. १९४८ (लंडन), १९५२ (हेलसिंकी) आणि १९५६ (मेलबर्न) या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत अमेरिकेने प्रत्येकी चार सुवर्णपदके जिंकली. शासकीय मदत नसलेल्या या खेळाडूंच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च अनेकदा हॉफमन स्वतः करीत. अमेरिकन समाजात वर्णभेद तीव्र असतानाही जॉन डेव्हिस यांच्यासारखे कृष्णवर्णीय आणि टॉमी कोनो यांच्यासारखे जपानी वंशाचे खेळाडू या संघाचे आधारस्तंभ होते. कोनो यांचे किशोरवय महायुद्धकाळात जपानी वंशीयांसाठी उभारलेल्या बंदी छावणीत गेले होते. १९५५ मध्ये हॉफमन आपला संघ घेऊन मॉस्कोला गेले. शीतयुद्धाच्या काळातील या दौऱ्यात पॉल अँडरसन यांच्या शक्तीने सोव्हिएत प्रेक्षक थक्क झाले.

पॉवर रॅक आणि औषधांचे प्रकरण

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून सोव्हिएत संघाचे खेळाडू वरचढ ठरू लागले. १९५४ च्या व्हिएन्ना येथील जागतिक स्पर्धेच्या वेळी अमेरिकन संघासोबत गेलेले डॉक्टर जॉन झीग्लर यांना, सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा वापर करीत असल्याची माहिती मिळाली. पुढे १९५८ मध्ये सीबा या औषध कंपनीने डायनाबॉल हे कृत्रिम स्टेरॉइड बाजारात आणले. झीग्लर यांनी ते यॉर्कशी संबंधित काही भारोत्तोलकांना देऊन पाहिले.

याच सुमारास झीग्लर आणि हॉफमन यांनी स्थिर आकुंचनाच्या व्यायामावर भर दिला. या पद्धतीत दांडा भक्कम चौकटीतील अडसरांना टेकवून सर्व शक्तीने काही सेकंद ढकलायचा किंवा ओढायचा असतो. दांडा हलत नाही किंवा अत्यल्प हलतो. त्यासाठी छिद्रे असलेले उभे खांब आणि त्या छिद्रांत घालण्याचे लोखंडी अडसर अशी रचना असलेले पॉवर रॅक यॉर्क कंपनीने विक्रीला आणले. बिल मार्च आणि लुई रीकी या दोन भारोत्तोलकांनी अल्पावधीत केलेली प्रगती या पद्धतीचा पुरावा म्हणून मासिकातून मांडण्यात आली. शाळा, महाविद्यालये व क्रीडासंघ यांनी हे रॅक मोठ्या प्रमाणावर विकत घेतले.

हे दोघेही खेळाडू त्या काळात डायनाबॉल घेत होते, ही बाब मात्र वाचकांपासून दडवून ठेवण्यात आली. जे यश औषधाचे होते, त्याचे श्रेय संपूर्णपणे साधनाला दिले गेले. रॅक घेऊन प्रामाणिकपणे सराव करणाऱ्या सामान्य तरुणांना तशी प्रगती साधता आली नाही. औषधाची बातमी खेळाडूंमध्ये पसरल्यावर स्थिर आकुंचनाविषयीचे कुतूहल ओसरले, परंतु गोळ्यांचा वापर वाढतच गेला. खेळाडू सांगितल्यापेक्षा कितीतरी अधिक मात्रा घेऊ लागल्याचे पाहून झीग्लर यांनी या प्रयोगातून अंग काढून घेतले. पुढील आयुष्यात त्यांनी आपल्या या कृतीबद्दल खेद व्यक्त केला.

या प्रकरणातील विसंगती अशी की, ज्या दाव्याच्या आधारे रॅक विकला गेला तो फसवा असला तरी साधन उपयुक्तच होते. रॅक येण्यापूर्वी जड वजनासह बैठका मारणाऱ्याला दांडा प्रथम जमिनीवरून खांद्यावर घ्यावा लागे, किंवा जर्मन शक्तिवीर हेन्री स्टाइनबोर्न यांच्याप्रमाणे तो उभा करून पाठीवर कलता घ्यावा लागे. म्हणजे पायांत किती बळ आहे यापेक्षा दांडा पाठीवर कसा आणता येतो यावर वजनाची मर्यादा ठरे. रॅकमध्ये दांडा खांद्याच्या उंचीवर तयार मिळतो, आणि बैठकीतून उठता न आल्यास खालचे अडसर तो झेलतात. त्यामुळे एकट्याने सराव करणाऱ्यालाही जिवाचा धोका न पत्करता मोठे वजन हाताळता येते. पॉवरलिफ्टिंगच्या कोणत्याही गंभीर व्यायामशाळेत बारबेलनंतर पहिली गरज रॅकचीच मानली जाते.

पॉवरलिफ्टिंगला चालना

स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे प्रकार ऑलिंपिक भारोत्तोलनात नसल्याने ते पूर्वी किरकोळ प्रकारांत गणले जात. हॉफमन यांचे प्रेम मूलतः ऑलिंपिक प्रकारांवर होते. तथापि व्यायामशाळांतील तरुणांचा ओढा या तीन प्रकारांकडे वाढत असल्याचे त्यांच्या कंपनीने ओळखले. १९६४ मध्ये ग्रिमेक यांच्या संपादनाखाली 'मस्क्युलर डेव्हलपमेंट' हे मासिक सुरू झाले आणि त्यात पॉवरलिफ्टिंगला नियमित स्थान मिळाले. त्याच वर्षी यॉर्क येथे या खेळाची पहिली राष्ट्रीय स्वरूपाची स्पर्धा भरली. १९६५ मध्ये अमॅच्युअर ॲथलेटिक युनियनच्या मान्यतेने पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धाही यॉर्कमध्येच झाली. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच शहरात जागतिक स्पर्धा घेण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ अस्तित्वात आला.

स्पर्धा सुरू झाल्यावर साहित्याचे नियमही काटेकोर झाले. बाकाची उंची, दांड्याची जाडी आणि प्लेटचा व्यास यांना मर्यादा घालण्यात आल्या. बाक फार उंच असल्यास बुटक्या खेळाडूचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत. दांडा फार लवचीक असल्यास डेडलिफ्टमध्ये तो आधी वाकतो आणि प्लेट उशिरा उचलल्या जातात. साहित्यातील असा फरक निकालावर परिणाम करू शकत असल्याने समान साहित्य हा न्याय्य स्पर्धेचा पाया ठरला.

पूरक आहार व वाद

१९५० च्या दशकापासून हॉफमन यांनी सोयाबीनवर आधारित प्रथिनांची भुकटी व अन्य पूरक पदार्थ विकण्यास सुरुवात केली. काही काळाने या पदार्थांपासून मिळणारे उत्पन्न कंपनीसाठी अत्यंत महत्त्वाचे बनले. त्यांच्या गुणांविषयी केलेल्या अतिरंजित दाव्यांमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीवर कारवाई केली. स्वतःच्या शक्तीविषयी व आरोग्याविषयीही हॉफमन मोठमोठी विधाने करीत. प्रतिस्पर्धी प्रकाशक जो वीडर यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे कटू वाद चालला. शरीरसौष्ठवाकडे वाढलेला कल आणि १९७० च्या दशकात आलेली व्यायामयंत्रे यांमुळे यॉर्कचे वर्चस्व हळूहळू कमी झाले.

निधन व वारसा

१८ जुलै, १९८५ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी हॉफमन यांचे यॉर्क येथे निधन झाले. कंपनीच्या इमारतीत भारोत्तोलनाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे व तेथे हॉफमन यांचा पुतळा उभारलेला आहे. इतिहासकार जॉन फेअर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मसलटाउन यूएसए' या ग्रंथात हॉफमन यांच्या कार्याची व त्यातील दोषांची सविस्तर चिकित्सा केली आहे.

हॉफमन यांनी खेळाडूंना रोजगार दिला, सामान्य माणसाला परवडणारे व टिकाऊ साहित्य उपलब्ध करून दिले आणि एका उपेक्षित व्यायामप्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच वेळी त्यांच्या मासिकांनी वाचकांच्या विश्वासाचा व्यापारासाठी गैरवापर केला, हेही नाकारता येत नाही. त्यांच्या कारखान्यातील जुन्या ओतीव प्लेट आजही अनेक व्यायामशाळांत वापरात असून संग्राहकांकडून त्यांना मागणी आहे.