पाठीवरचं पोर

मैत्रिणींनो, २०२०-२१ मधला तो कोरोनाचा काळ आठवतो ना? मोठ्या शहरांचं सोडा, आपल्या जळकोटसारख्या तालुक्याच्या गावांनाही त्या भीतीनं घेरलं होतं. एरवी सिस्टरचं काम म्हणजे इंजेक्शन, सलाईन, गोळ्यांच्या वेळा. पेशंटला पाणी पाजणं, कूस बदलून देणं, उशाशी बसणं हे घरचे करतात. कोरोना वॉर्डात घरच्यांना मज्जाव झाला आणि तेही काम सिस्टरच्याच अंगावर आलं. मुलीचा फोन आजीच्या कानाला लावायचा, तोही तिनंच!

सव्वाशे वर्षांपूर्वी हेच काम ६६ वर्षांच्या एका बाईनं केलं होतं. तिच्याकडे नर्सिंगचं सर्टिफिकेट नव्हतं, हातमोजेही नव्हते. आपण तिला शिक्षिका म्हणून ओळखतो... सावित्रीबाई फुले!

३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्म, लहानपणीच लग्न, १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यातली मुलींची शाळा; हे सगळं आपल्याला पाठच आहे. पण आजाऱ्याची, अडलेलीची सेवा तिच्या हाताला आधीपासूनच ठाऊक होती. १८६३ मध्ये फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. समाजानं टाकलेल्या विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी तिथं मायेनं केली. त्यातल्याच काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केलं. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांचं सगळं सावित्रीबाईंनीच पाहिलं. १८९० मध्ये ते गेले. तरीही बाई थांबल्या नाहीत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ पुण्यात. त्याचा जंतू दोन वर्षांपूर्वीच सापडला होता, पण उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे अजून कळायचं होतं. औषध तर नव्हतंच. काखेत, जांघेत गाठ आली की माणसं हबकून जायची. पुढं रँडसाहेबाच्या काळात सोल्जर घरं तपासू लागले, मग लोक आजारी माणूस लपवू लागले. कुणी घर सोडून पळालं, कुणी आपलंच माणूस मागं ठेवलं.

अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतरावांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ, वस्तीपासून दूर मळ्यात दवाखाना सुरू झाला. डॉक्टर मुलगा उपचार बघायचा, आई रुग्ण आणायची, त्यांची शुश्रूषा करायची. जात विचारायची नाही. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाडांचा मुलगा प्लेगनं आजारी असल्याचं कळलं. बाई तिथं गेल्या, पोराला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं.

त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. १९०५ मध्ये यशवंतरावांनाही प्लेगनंच नेलं.

साथीत औषध उशिरा पोचतं, माणसाचा हात मात्र लगेच लागतो. ज्याला हात लावायला सगळे घाबरतात, त्याला उचलणं हेच तेव्हा नर्सचं खरं काम होऊन बसतं. सावित्रीबाईंनी त्याची किंमत जीवानं मोजली. मग आजच्या सिस्टरवर नुसती फुलं उधळून भागेल का? पुरेसे हातमोजे, वेळेवर सुट्टी, पक्की नोकरी तिला मिळते का, हेही आपण विचारायला हवं. ती ड्युटीवरून आल्यावर शेजारणीनं दार लावून घेऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?